बर्फावरची चुरस आणि गुणांचा हिशेब

मित्रहो, फिगर स्केटिंगमधील वैराचा विषय निघाला की बहुतेकांना १९९४ सालचे एकच प्रकरण आठवते. त्या वर्षी ६ जानेवारीला अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या सरावानंतर, नॅन्सी केरिगनच्या पायावर दांडक्याने वार करण्यात आला. तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग हिच्या पूर्वपतीने रचलेल्या कटाचा तो भाग होता. तपासात अडथळा आणल्याची कबुली हार्डिंगने पुढे न्यायालयात दिली आणि अमेरिकी संघटनेने तिला आजन्म बाद केले. प्रकरण गंभीर होते यात शंका नाही, पण त्याला मिळालेल्या अफाट प्रसिद्धीमुळे हा खेळ समजून घेण्यात आपली फसगत झाली, असे माझे मत आहे. गुन्हा हा अपवाद असतो. या खेळातील रोजचा ताण पूर्णपणे कायदेशीर असतो आणि तो बराचसा नियमपुस्तकातून येतो. आज मला बोलायचे आहे ते त्याच ताणाविषयी.

एकेरी स्केटिंगमध्ये प्रतिस्पर्धी स्पर्धेच्या वेळी एकमेकांसमोर कधीच येत नाहीत. समोरच्याचा डाव ओळखून तो उलटवण्याची सोय इथे नाही. प्रत्येक जण एकटा बर्फावर उतरतो, शॉर्ट प्रोग्रॅम (छोटी फेरी) आणि फ्री स्केट (मोठी, मुक्त फेरी) मिळून सात मिनिटांहूनही कमी काळात वर्षभराची मेहनत मांडतो आणि नंतर ‘किस अँड क्राय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोपऱ्यात, कॅमेऱ्यासमोर, प्रशिक्षकाशेजारी बसून गुणांची वाट पाहतो. दोन खेळाडूंमधील सगळी चुरस अशा रीतीने परीक्षकांच्या गुणपत्रिकेतून जाते. त्यामुळे कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे हे ठरवणारा माणूस नकळत आणखीही एक गोष्ट ठरवत असतो, ती म्हणजे कोणत्या वयाचे आणि कोणत्या बांध्याचे शरीर जिंकेल.

याचे जुने उदाहरण १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकचे आहे. त्या काळी बर्फावर ठरावीक आकृत्या अचूकपणे कोरण्याला, म्हणजे अनिवार्य आकृत्यांना, निम्मे गुण होते. ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शुबा त्यांत इतकी पुढे होती की मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही तिने सुवर्णपदक जिंकले, तर मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली जॅनेट लिन कांस्यपदकावर थांबली. दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांना हा निकाल पटण्यासारखा नव्हता, कारण आकृत्या त्यांनी फारशा पाहिलेल्याच नसत. पुढे आकृत्यांचे वजन कमी होत गेले आणि १९९० नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून हद्दपार झाल्या. मला स्वतःला त्या आकृत्या पाहणे कंटाळवाणे वाटते, हे मान्य करतो. पण त्यांना वर्षानुवर्षांचा संथ सराव लागत असे आणि त्यामुळे प्रौढ खेळाडूला खेळात जागा राहत असे. त्या गेल्या आणि सगळा भार उड्यांवर आला.

उडीचे गणित निर्दय आहे. खेळाडू हवेत सेकंदापेक्षाही कमी वेळ असतो आणि तेवढ्यात तीन किंवा चार फेऱ्या पूर्ण करायच्या असतात. शरीर जितके अरुंद आणि हलके, तितकी फिरकी वेगवान. मुलींच्या बाबतीत हा लाभ बहुधा शरीर वयात येण्यापूर्वीच सर्वाधिक असतो. उंची वाढली, कंबर रुंदावली की कालपर्यंत सहज जमणारी उडी नव्याने शिकावी लागते आणि एका पायावर उतरताना बसणारा धक्का तर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. १९९८मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये टारा लिपिन्स्कीने मिशेल क्वानला मागे टाकून सुवर्ण जिंकले, तेव्हा ती १५ वर्षांची होती; दोनच वर्षांनी तिच्या खुब्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण मिळवणारी युलिया लिप्नित्स्काया हीदेखील १५ वर्षांची होती. तीन वर्षांनी अन्नाशी बिघडलेल्या नात्याच्या आजारामुळे, म्हणजे ॲनोरेक्सियामुळे, तिने खेळ सोडला.

परीक्षकांच्या पक्षपाताविषयी पुष्कळ बोलले जाते, म्हणून ते थोडक्यात उरकतो. २००२मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे जोडी प्रकारात फ्रेंच परीक्षकावर दबाव आल्याचे उघड झाले, कॅनडाच्या जोडीला दुसरे सुवर्ण द्यावे लागले आणि सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. २००४पासून आलेल्या नव्या पद्धतीत प्रत्येक घटकाला ठरलेले मूळ मूल्य असते. हेतू पारदर्शकतेचा होता. परंतु प्रत्येक उडीची किंमत आधीच छापलेली असली की, प्रशिक्षक आधी हिशेब मांडतो आणि मग नृत्य बसवतो.

हा हिशेब किती टोकाला जातो ते २०१८मध्ये प्योंगचांग ऑलिंपिकला दिसले. येवगेनिया मेद्वेदेवा ही दोनदा विश्वविजेती ठरलेली १८ वर्षांची खेळाडू, आणि अलिना झागितोवा १५ वर्षांची. दोघींची प्रशिक्षक एकच, एतेरी तुतबेरिद्झे. दोघींचा सराव मॉस्कोतील एकाच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. थकलेल्या पायांनी घेतलेल्या उडीला दहा टक्के जादा गुण मिळत, म्हणून झागितोवाच्या फ्री स्केटमधील सर्व उड्या दुसऱ्या अर्ध्या भागात ठेवल्या होत्या. फ्री स्केटमध्ये दोघींना नेमके १५६.६५ गुण मिळाले आणि शॉर्ट प्रोग्रॅममधील १.३१ गुणांच्या फरकाने सुवर्ण धाकटीकडे गेले. त्यानंतर जादा गुण फ्री स्केटमधील शेवटच्या तीनच उड्यांपुरते मर्यादित झाले. रोज शेजारी सराव करणारी मुलगीच आपली जागा घेणार, हे ठाऊक असताना तिच्यासोबत वाढणे काय असते, याची कल्पना बाहेरच्याला येणे कठीण आहे. झागितोवाने १७व्या वर्षी स्पर्धांतून विश्रांती जाहीर केली, तेव्हा तिच्या जागी त्याच रिंकवरच्या तीन मुली तयार होत्या.

त्यांतल्या दोघी आणि त्यांच्यामागून आलेली एक मुलगी २०२२मध्ये बीजिंग ऑलिंपिकला उतरल्या. १५ वर्षांच्या कामिला वालियेवाच्या डिसेंबरमधील नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेले औषध आढळल्याचे स्पर्धेदरम्यान उघड झाले. क्रीडा लवादाने तिला खेळू दिले आणि फ्री स्केटमध्ये ती पुन्हा पुन्हा कोसळून एकूण चौथी आली. अलेक्झांड्रा त्रुसोवाने चार फेऱ्यांच्या पाच उड्या घेतल्या, तरी ती दुसरी आली आणि पुन्हा कधी बर्फावर उतरणार नाही असे रडत ओरडली. जिंकलेली अ‍ॅना श्चेर्बाकोवा बराच वेळ एकटीच होती. वालियेवाला २०२४मध्ये चार वर्षांच्या बंदीची शिक्षा झाली. औषध तिच्यापर्यंत कसे पोहोचले, या प्रश्नाइतकाच मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: एवढ्या वयाच्या मुलीभोवती जबाबदार प्रौढ माणसे इतकी असताना, शिक्षा मात्र तिच्याच नावावर का लिहिली गेली?

चुरस अशीच असली पाहिजे असे नाही. १९८८मध्ये कॅल्गरीत ब्रायन बॉयटानोकडून अगदी थोडक्यात हरलेला ब्रायन ओर्सर पुढे टोरांटोत प्रशिक्षक झाला आणि युझुरू हान्यू व हावियेर फर्नांडेस या दोन प्रतिस्पर्ध्यांना त्याने एकाच रिंकवर घडवले. २०१५ आणि २०१६ची विश्वविजेतेपदे फर्नांडेसने हान्यूला मागे टाकून जिंकली, तरी त्यांची मैत्री टिकली. मात्र हे दोघेही प्रौढ पुरुष होते, हे विसरून चालणार नाही. पुरुषांच्या शरीराला वाढत्या वयाबरोबर ताकद मिळते, त्यामुळे या खेळातील घड्याळ त्यांच्यासाठी वेगळ्या वेगाने चालते.

बीजिंगनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ गटासाठीचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केले. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षे जपानची काओरी साकामोतो विश्वविजेती झाली. २०२५मध्ये, १६व्या वर्षी निवृत्त होऊन परतलेल्या अमेरिकेच्या अ‍ॅलिसा ल्यूने १९व्या वर्षी ते विजेतेपद मिळवले. दोघींनीही ट्रिपल ॲक्सेल (साडेतीन फेऱ्यांची उडी) किंवा चार फेऱ्यांची उडी न घेता ही यशे मिळवली. त्यावरून नवा नियम यशस्वी झाला असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही, कारण मार्च २०२२पासून त्या काळात रशियाच्या मुली आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर होत्या, आणि कनिष्ठ गटाचे दार १३व्या वर्षीच उघडत असल्याने अवघड उड्यांचा सराव अजूनही त्याआधीच सुरू होऊ शकतो.