डोरिस डे: गोड म्हणून सोडून दिलेली बाई

नमस्कार मंडळी. डोरिस डे, हॉलिवूडची गायिका-अभिनेत्री, हे नाव ऐकल्यावर निम्म्या लोकांच्या डोक्यात 'के सेरा सेरा' सुरू झालं असणार, त्यामुळे आपण तिथूनच सुरुवात करू, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका गाण्यातच आहे.

हे गाणं १९५६ सालचं, हिचकॉकच्या 'द मॅन हू न्यू टू मच' या पिक्चरमधलं. त्याला ऑस्कर मिळालं, आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला ते फारसं आवडलं नव्हतं, लहान पोरांचं गाणं आहे असं वाटलं होतं. आपण सगळ्यांनी ते रेडिओवर नाहीतर शाळेच्या गॅदरिंगला ऐकलंय, छान आहे, गोड आहे, संपलं. पण पिक्चरमध्ये ते दोनदा येतं. पहिल्यांदा माराकेशच्या हॉटेलात, रात्री पोराला झोपवायच्या आधी आवराआवर करता करता आई, म्हणजे डोरिस, गुणगुणते आणि पोरगं मधेमधे साथ देतं. मग ते पोरगं पळवलं जातं. दुसऱ्यांदा गाणं येतं लंडनमध्ये, एका एम्बसीत, मोठमोठे पाहुणे जमलेत, ही पूर्वीची नामवंत गायिका म्हणून तिला पियानोवर बसवलंय, आणि पोरगं त्याच इमारतीत वर कुठेतरी कोंडलेलं आहे. तर ती तेच गाणं गाते, पण इतक्या मोठ्याने, की पाहुणे एकमेकांकडे बघायला लागतात, या बाईला झालंय काय! दिवाणखान्यात असं कोणी गात नाही. तिला गाणं सुंदर करायचंच नाहीये, तिला आवाज जिन्यावरून वर पोचवायचाय. तोंडात शब्द काय, तर जे व्हायचं ते होईल, आणि गाणारी बाई मात्र काहीही होऊ द्यायला तयार नाही. वरून पोराची शिट्टी ऐकू येते तेव्हा तिचा चेहरा बघा फक्त.

त्याच पिक्चरमध्ये आणखी एक सीन आहे. नवरा डॉक्टर, जेम्स स्ट्युअर्ट. पोराचं कळल्यावर तो आधी बायकोला शांत राहायच्या गोळ्या घ्यायला लावतो आणि मग सांगतो. राग, भीती, आणि अंगात चढत जाणारं औषध, हे तिन्ही तिने एकाच वेळी केलंय. हिचकॉकच्या नायिका म्हटलं की लोक ग्रेस केली, किम नोव्हॅक करतात, डोरिसचं नाव कोणी घेत नाही. का, तर ती 'गोड' ना!

आता थोडं मागे जाऊ. खरं नाव डोरिस कॅपलहॉफ, जन्म सिनसिनाटीचा, १९२२. तिला व्हायचं होतं डान्सर. पण १९३७ मध्ये ती बसलेल्या गाडीला ट्रेनने धडक दिली, उजव्या पायाचा चुराडा झाला, आणि डान्स गेला तो गेलाच. घरी पडून रेडिओ ऐकणं एवढंच हातात. त्यात जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड लागली की ही सोबत गायची, तिच्या आवाजाच्या मागेमागे जायची. पुढे ग्रेस रेन नावाच्या बाईंकडे गाणं शिकली, त्यांची शिकवण अशी की हजार माणसांसाठी गाऊ नकोस, एकाच माणसाला गाऊन सांग. बँडमधले गायक हॉल भरून टाकायला बघायचे तेव्हा ही माइकजवळ येऊन बोलल्यासारखं गायची. १९४५ मध्ये लेस ब्राउनच्या बँडबरोबरचं 'सेंटिमेंटल जर्नी' हिट झालं, नेमकं त्याच वर्षी युद्ध संपून सैनिक घरी निघालेले, आणि गाणं घरी परत जाण्याचंच, आणि हा आवाज जणू प्रत्येकाला वेगवेगळा भेटत होता.

ऐकायला हे फार सोपं वाटतं आणि तिचा तोटा तिथेच झाला. सोपं वाटतंय म्हणजे सोपंच असणार असं लोकांनी धरलं.

पडद्यावरच्या तिच्या सोज्वळ प्रतिमेवर ऑस्कर लेव्हंट या पियानोवादक-विनोदवीराचा एक जोक आहे, की मी डोरिसला ती व्हर्जिन होण्याच्या आधीपासून ओळखतो. जोक मस्त आहे, पण तो तिला कायमचा चिकटला, आणि तिने पडद्यावर नक्की काय केलं हे बघायचं राहूनच गेलं. 'द पजामा गेम', १९५७, त्यात ती पायजम्याच्या कारखान्यात युनियनची पुढारी आहे, तासाला साडेसात सेंट वाढवून द्या म्हणून लढते, कामाची गती मंदावायला लावते, आणि ज्याच्यावर प्रेम करते तोच मॅनेजर तिला कामावरून काढतो! 'पिलो टॉक'मध्ये इंटिरियर डेकोरेटर, 'लव्हर कम बॅक'मध्ये जाहिरात कंपनीत. स्वतःचा फ्लॅट, स्वतःची कमाई, आणि कामात पक्की. 'पिलो टॉक'चं सगळं भांडण टेलिफोनच्या सामायिक लाइनवरून, आपल्याकडच्या क्रॉस कनेक्शनवाल्या पिढीला ते लगेच कळेल. रॉक हडसन तिला खोटं बोलून फसवतो, आणि ही सूड कसा घेते, तर त्याचं घर सजवायचं काम घेऊन ते इतकं भयाण सजवते की बघवत नाही. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं ते या एकाच पिक्चरसाठी. तिकीटबारीवर मात्र १९६० आणि मग १९६२ ते ६४ सलग, अमेरिकेतली एक नंबर.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तिसरा नवरा मार्टिन मेल्चर १९६८ मध्ये वारला, तेव्हा कळलं की सगळी कमाई गेली, वर कर्ज, आणि न विचारता तिच्या नावाने टीव्ही सीरियलचा करारही करून ठेवलेला. तिने रडगाणं गायलं नाही, सीरियल पाच सीझन केली, पैशाचे व्यवहार बघणाऱ्या वकिलावर केस ठोकली आणि १९७४ मध्ये कोर्टाने तिच्या बाजूने २ कोटी २० लाख डॉलर्सच्या वर भरपाई मंजूर केली. नंतर तडजोडीत त्यातलं बरंच सोडावं लागलं ते वेगळं. मग कॅलिफोर्नियातल्या कार्मेलला जाऊन कुत्र्या-मांजरांत रमली ती २०१९ मध्ये वारेपर्यंत. आणि हो, ती जगभर दोन वर्षं लहान समजली जात होती, २०१७ मध्ये जन्मदाखला सापडला तेव्हा कळलं की बाई ९५ ची झाली!

कुठून सुरुवात करू असं मला दरवेळी विचारतात. कॉमेडीपासून करू नका. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' बघा, १९५५ चा, रूथ एटिंग या गायिकेवरचा. समोर जेम्स कॅग्नी, गुंड नवरा, आणि ही महत्त्वाकांक्षी, थोडी स्वार्थी, दारूचा ग्लास हातात, अजिबात गोड नाही. कॅग्नीला नामांकन मिळालं, हिला नाही. बघून मला सांगा कोणाचं काम जास्त अवघड होतं, मी तर अजून त्यावर भांडतोय.