रडणाऱ्या राहेलीच्या गावातला नाताळ

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या डिसेंबरात बेथलेहेमच्या मुख्य चौकात नाताळाचे झाड उभे राहिले नाही आणि रोषणाईही झाली नाही. गाझामध्ये युद्ध पेटलेले असताना उत्सव करू नये, असे तेथील ख्रिस्ती मंडळ्यांनी ठरवले होते. मात्र गावातल्या लूथरन चर्चने एक वेगळाच गव्हाणीदेखावा मांडला. सिमेंटचे तुकडे आणि फुटक्या फरश्या यांचा ढीग रचून त्यांनी बाळ येशूची मूर्ती त्या ढिगाऱ्यात ठेवली. तिचे छायाचित्र जगभर गेले. काहींना तो देखावा सणाच्या आनंदाला न शोभणारा वाटला असेल. मला मात्र तो शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, अगदी जवळचा वाटतो.

आपण सहसा लूककृत शुभवर्तमानातला नाताळ आठवतो: मेंढपाळ, देवदूतांचे गीत, कापडांत गुंडाळलेले बाळ. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय मात्र आपल्याला हेरोद राजाच्या राजवाड्यातही नेतो. सिंहासन जाईल या भीतीने त्या राजाने बेथलेहेम आणि आसपासच्या प्रदेशातील दोन वर्षांच्या आतले मुलगे मारण्याचा हुकूम दिला, आणि योसेफ रातोरात मरिया व बाळाला घेऊन मिसर देशाकडे निघाला. ज्याच्या जन्माचा सण आपण करतो, तो तारणारा बोलू लागण्यापूर्वीच निर्वासित झाला होता. या मुलांच्या कत्तलीबद्दल लिहिताना मत्तयाला यिर्मया संदेष्ट्याचे वचन आठवते: राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि ती सांत्वन करून घ्यायला तयार नाही, कारण तिची मुले आता नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे याकोबाची ही पत्नी बेथलेहेमच्या वाटेवरच पुरली गेली, आणि तीही बाळंतपणात गेली होती.

पवित्र शास्त्र राहेलीला गप्प करीत नाही, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. तिचे अश्रू त्याच अध्यायात आहेत, ज्यात पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, सोने, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. प्राचीन काळापासून पाश्चात्त्य ख्रिस्ती मंडळी २८ डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या आठवड्यातच, त्या निरपराध बालकांचे स्मरण करीत आली आहे. सारे काही ठीक होईल असे सांगून दुःखितांना लवकर उठवण्याचा प्रयत्न करणारी आशा, मग ती कितीही सद्हेतूने सांगितलेली असो, बेथलेहेमची आशा नव्हे. ख्रिस्ती आशेचा आधार एवढाच की देव या रडण्यापासून दूर राहिला नाही. तो त्यात देहधारी होऊन जन्मला, पुढे वधस्तंभापर्यंत गेला, आणि मरण त्याला धरून ठेवू शकले नाही. म्हणूनच रोमकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौल सारी सृष्टी कण्हत आहे हे मोकळेपणाने मान्य करतो आणि त्याच परिच्छेदात आशेविषयी बोलतो.

ही आशा माणसाच्या हातून काय घडवते, हे पाहण्यासाठी आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या आसपास असताना दुष्काळाने त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण यांना काही महिन्यांच्या अंतराने हिरावून नेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या उपाशीपोटी देशभर पायी हिंडल्या. पुढे तो भाऊही गेला, आणि लग्नानंतर दोनच वर्षांत, १८८२ मध्ये, पतीही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा उपासमार म्हणजे काय हे ठाऊक असलेली ही बाई स्वतः तिकडे गेली आणि रस्त्यांवर, छावण्यांत निराधार पडलेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या मोकळ्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली. आरंभी पुरेशी छपरेही नव्हती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींची भर पडली, तेव्हा केडगावच्या या आश्रमातील, म्हणजे मुक्ती सदनातील, संख्या १,५०० च्या पुढे गेली होती.

एवढ्या जणींना दोन वेळचे अन्न कोठून मिळणार, याचा हिशोब कागदावर जुळणारा नव्हता. रमाबाई प्रार्थना करीत आणि उठून विहिरी खोदवीत, शेती लावीत, मुलींना विणकाम व छपाई शिकवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले, दृष्टिहीन मुलींसाठी बर्तमी सदन, आणि कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचनाचे दार उघडून दिले. माझ्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचे मोठेपण त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही येथे दिसते: ज्या दुष्काळाने त्यांचे घर रिकामे केले, त्याच दुष्काळाच्या लेकरांसाठी त्यांनी घर बांधले. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि स्वतःच्या एकुलत्या एका लेकीसाठी रडण्याची वेळ त्यांच्यावर आली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या. संपूर्ण बायबल पुढे मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले, आणि ते छापणारे हात बायकांचेच होते.

आज युक्रेनमध्ये, सुदानमध्ये, मणिपूरच्या मदत छावण्यांत आणि आपल्या शेजारच्या एखाद्या घरातही नाताळ जड पावलांनी येतो आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात या वर्षी कोणी गेले असेल, ज्यांच्या उशाशी आजार असेल किंवा ज्यांचे काम सुटले असेल, त्यांना मला मनापासून सांगायचे आहे: उपासनेला या, आणि गीत म्हणवत नसेल तर म्हणू नका. रडावेसे वाटले तर रडा. आपल्या शुभवर्तमानात राहेलीला जागा आहे. तुमच्या वाटचे गीत शेजारच्या बाकावरची माणसे म्हणतील, आणि उपासना संपल्यावर त्यांतल्या कोणीतरी तुमच्याबरोबर घरापर्यंत यावे, ही त्यांना माझी विनंती आहे.

आपणा सर्वांना ख्रिस्तजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा. नमस्कार.