आरव्हीचा गीझर आणि आईची उदबत्ती

नमस्कार मंडळी, कसे आहात? ॲरिझोनातल्या मंडळींना सांगायला नको की आपलं पाणी म्हणजे निम्मे दगडच. आज बोलूया आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, गीझरबद्दल, म्हणजे त्यातल्या ॲनोड रॉडबद्दल. स्टीलच्या टाकीला आतून काचेसारखं कोटिंग असतं, त्याला कुठेतरी तडा जातोच, आणि मग पाणी स्टील खायला बघतं. हा मॅग्नेशियमचा रॉड काय करतो, तर स्टीलच्या आधी स्वतः झिजतो. रॉड झिजतो म्हणून टाकी वाचते, एवढं लक्षात ठेवा, रॉड झिजतो म्हणून टाकी वाचते. (टाकी ॲल्युमिनियमची असेल तर रॉड नसतो, तेव्हा मॅन्युअल बघा.)

तर झालं काय, आई सांगलीहून आली होती आणि आम्ही ग्रँड कॅन्यनला निघालो. पहिल्याच रात्री गरम पाण्याला नासक्या अंड्याचा वास! आईने आंघोळच केली नाही, वर मायक्रोवेव्हमधला चहा दिला म्हणून बोलणी, आणि ते बरोबरच होतं, मायक्रोवेव्हमधला चहा हा चहाच नव्हे. असो. रात्री गीझर बंद करून ठेवला, सकाळी टाकी पार गार झाल्यावर पाण्याचा पंप बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडून प्रेशर घालवलं, आणि बाहेरून रॉडला पाना लावला. दोन वर्षं न उघडलेला, हलेचना! शेवटी पान्याला पाईप लावून जोर दिला तर सुटला, आणि सगळं पाणी माझ्या बुटात, सोबत रव्यासारखा पांढरा कचरा. हातात काय आलं? वीतभर नुसती तार. अंगठ्याएवढा जाड रॉड गायब! आई चहाचा कप घेऊन शेजारी उभी, म्हणते, "अरे उदबत्ती केव्हाच संपली, तू काडीला ओवाळत बसलायस!"

नवीन रॉड वीसेक डॉलरला मिळतो, टाकीला शेकडो लागतात. वर्षातून एकदा उघडून बघा, पाऊण झिजला की बदला. आधी गार, मग प्रेशर, मगच पाना. आटे टेफ्लॉन टेपने गुंडाळा, आणि रॉडच्या जागी पितळी प्लग ठोकून मोकळे होऊ नका, लोक करतात. टाकी पुन्हा भरल्याशिवाय विजेचं बटण दाबलंत तर एलिमेंट गेलंच.

ती तार मी टाकणार होतो, आईने टाकू दिली नाही. आता आमच्या कुंडीतल्या टोमॅटोला तिचाच आधार आहे.