टपालातून जुळलेलं गाणं

मंडळी, आधी एक विनंती, हे गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, हेडफोन लावा. कारण 'सच ग्रेट हाइट्स' सुरूच होतं दोन कानांत वाटून. सिंथचे, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे, बारीक बारीक टिपके, एक डाव्या कानात पडला की लगेच दुसरा उजव्या कानात, आणि बराच वेळ तेवढंच चालू राहतं, दोन माणसं लांबून एकमेकांना हाका मारतायत असं काहीतरी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हेडफोनची वायर सैल झालीय, खरंच.

तर बँडचं नाव द पोस्टल सर्व्हिस, आणि हे नाव उगाच ठेवलेलं नाही. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसला, बेन गिबर्ड सिअ‍ॅटलला. २००१ मध्ये जिमीच्या डीएनटेल या प्रोजेक्टसाठी दोघांनी एक गाणं केलं, ते जमलं, मग म्हणाले अजून करू. आता फाइल पाठवायला दोन सेकंद लागतात, पण तेव्हा जिमी घरी कॉम्प्युटरवर ट्रॅक तयार करायचा, पार्सल टपालाने पाठवायचा, मग बेन त्यावर चाल बसवून, शब्द लिहून, गाऊन परत पाठवायचा. असा 'गिव्ह अप' अल्बम झाला, सब पॉप लेबलने २००३ च्या फेब्रुवारीत काढला, आणि हे सिंगल, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी सीडी, त्याच्या थोडं आधी, जानेवारीत.

आता मला मुख्य सांगायचंय ते हे की ही टपालाची गोष्ट नुसती किस्सा म्हणून सांगून सोडून देतात लोक, पण ती गाण्यात ऐकू येते. ड्रम मशीनचा ठेका केवढा घाईत आहे बघा, मिनिटाला साधारण १७५ बीट्स, आणि त्याच्यावर बेन किती निवांत गातोय, अर्ध्या लयीत, जरासुद्धा जोर न लावता. आपल्याकडे तबला द्रुत लयीत चालू असताना गाणारा स्वर लांबवत शांत बसतो ना, तसं. समोरासमोर बसून केलं असतं तर गाणारा त्या ठेक्याबरोबर पळाला असता असं मला वाटतं. इथे ठेका आधीच तयार होऊन आला होता, त्याच्याशी भांडायचं कारणच नव्हतं, म्हणून आवाज त्याच्यावर तरंगतो.

आणि शब्दांतही तेच अंतर आहे. प्रेमाचं गाणं आहे, पण ज्याच्यासाठी गातोय ते माणूस कार्यक्रमांच्या दौऱ्यावर, कित्येक आठवडे बाहेर, रेडिओ चाळत असताना हे गाणं लागावं आणि त्याने घरची वाट दाखवावी अशी आशा. एका ठिकाणी तर तो म्हणतो की हे सगळं तुझ्या आन्सरिंग मशीनवर ठेवायचा प्रयत्न केला पण परत ऐकलं तर बीट फारच किरकोळ वाटला. मला ही ओळ अख्ख्या अल्बममधली सगळ्यात खरी वाटते, कारण लांबच्या माणसाला काही पाठवलंय अशा प्रत्येकाला ते माहितीय, पाठवताना त्यातलं काहीतरी गळतंच.

नावावरून अमेरिकेच्या टपाल खात्याने २००३ मध्ये नोटीस पाठवली होती, नाव आमचं आहे, वापरू नका. पण पुढे समझोता झाला, नाव राहू दिलं, बदल्यात बँडने टपालाचा प्रचार करायचा, आणि खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परिषदेत जाऊन ते वाजवूनही आले. नंतर यूपीएस या कुरियर कंपनीच्या जाहिरातीत हेच संगीत वापरलं गेलं.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे कोरडं असं अजून बरेच जण म्हणतात, मला अजिबात पटत नाही. पटवायचा पुरावा याच सिंगलमध्ये आहे. त्यात आयर्न अँड वाइनने, म्हणजे या नावाने गाणाऱ्या सॅम बीमने, हेच गाणं गिटारवर, संथ, जवळजवळ कुजबुजत गायलंय, आणि ते २००४ च्या 'गार्डन स्टेट' सिनेमातही आलं. मशीन पूर्ण काढून टाकलं तरी चाल तशीच उभी राहते. पण मग तिकडून मूळ गाण्यावर परत या, आणि ते टिपके सुरू झाले की लक्षात येतं, सॅमचा माणूस शेजारी बसून बोलतोय, बेनचा शेकडो मैलांवरून.

आता दोन्ही लावतो, आधी सॅम बीमचं.