एका तासाचा शब्द

श्रोतेहो, नमस्कार. भारतीय हवाई दलाचे मार्शल अर्जनसिंग यांच्याविषयी आज बोलायचे आहे. १५ एप्रिल १९१९ रोजी लायलपूर (आताचे पाकिस्तानातील फैसलाबाद) येथे त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेऊन १९३९ मध्ये ते अधिकारी झाले आणि १९४४ मध्ये इंफाळच्या रणभूमीवर पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करताना त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले.

परंतु मला सांगायची आहे ती १ सप्टेंबर १९६५ ची दुपार. पाकिस्तानी रणगाडे जम्मूच्या छांब क्षेत्रात घुसले होते. अखनूरचा पूल त्यांच्या हाती पडता, तर जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारी रसद तुटली असती. लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी हवाई दलाची मदत मागितली आणि संरक्षणमंत्र्यांच्या दालनात तातडीने बैठक बसली. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की सह्याद्रीने तेथे जाऊन नेमके काय केले, हे विचारायचेच राहून जाते. पण ते असो. विमाने किती वेळात निघतील, असे यशवंतरावांनी विचारले. तेव्हा हवाई दलप्रमुख असलेले अर्जनसिंग म्हणाले, एका तासात. एका तासात, श्रोतेहो! अंधार पडला की वैमानिकांना रणगाडे दिसणार नव्हते, म्हणून त्या तासाला मोल होते. सूर्य मावळण्यापूर्वी पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमाने छांबकडे झेपावली.

हा प्रसंग बहुतेक जण येथेच संपवतात, ते मला पटत नाही. व्हॅम्पायर जुनी आणि संथ; पाकिस्तानच्या सेबर विमानांपुढे त्यांचा निभाव लागणे कठीणच होते. त्या एका संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली आणि धुमश्चक्रीत आपल्याच काही रणगाड्यांवरही मारा झाला. एका तासाच्या शब्दाची ही किंमत होती, आणि ती सांगितल्याशिवाय त्या शब्दाचे वजन कळत नाही. अखनूरचा पूल मात्र शेवटपर्यंत आपल्याच ताब्यात राहिला.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये, वयाच्या पन्नाशीतच, ते हवाई दलप्रमुखपदावरून निवृत्त झाले. नंतर स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, केनियात उच्चायुक्त आणि दिल्लीचे नायब राज्यपाल या पदांवर त्यांनी काम केले. २००२ मध्ये त्यांना मार्शल हा हुद्दा मिळाला. पाच ताऱ्यांचा हा मान हवाई दलात दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. १६ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी पश्चिम बंगालमधील पानागढच्या तळाला त्यांचे नाव देण्यात आले होते. नमस्कार.