आलेले आणि आणलेले

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या फ्रिजच्या दारावर सध्या एक पिवळा कागद लावलेला आहे. आपल्या बडोद्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं वेळापत्रक. चार दिवस, एक पडदा, रोजचे चार खेळ. दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी त्याच्यामागे कुठे गेली ते आता महिनाअखेरीलाच कळेल. दांडिया बाजारातून जाताना गेल्या आठवड्यात तिघांनी तरी थांबवून विचारलं, "मावशी, यंदा काय बघायचं?" मला विचारतात, कारण एका वर्षी मी अशाच एका महोत्सवाच्या निवड समितीत होते. एकच वर्ष. पुन्हा बोलावणं आलं नाही; का नाही, ते तुमच्या लक्षात येईलच.

माझं उत्तर ठरलेलं असतं. चित्रपट चांगला की वाईट हे मला पाहिल्याशिवाय कळत नाही. पण कार्यक्रमपत्रिका हातात आली की मी पेन्सिल घेऊन बसते आणि प्रत्येक नावापुढे खूण करते: हा आलेला, हा आणलेला. लग्नघरात नाही का, बरेचसे पाहुणे पत्रिका गेली म्हणून येतात, आणि एखाद्या आत्याला मात्र मुद्दाम गाडी पाठवून आणलेलं असतं. पंगत दोघांना एकच. पण यजमान कसा आहे, ते आत्यावरून कळतं.

छोट्या महोत्सवातले बहुतेक चित्रपट आलेले असतात. इंटरनेटवर त्यासाठी संकेतस्थळं आहेत. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला दिग्दर्शक तिथे डॉलरमध्ये फी भरतो, चित्रपटाची लिंक आणि पासवर्ड देतो, आणि एका बैठकीत वीस-पंचवीस महोत्सवांना अर्ज करून मोकळा होतो. त्यामुळे पोस्टरवर 'इतक्या देशांचे चित्रपट' असं मोठ्या अक्षरांत दिसलं, की मी फार हुरळून जात नाही. त्या देशांकडे आपण गेलेलो नसतो. त्यांचं टपाल आपल्याकडे आलेलं असतं. मग पारितोषिकं इतकी, की कुणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये. आणि प्रत्येकाच्या पोस्टरवर, महोत्सवात निवड झाल्याची खूण म्हणून, ती दोन डहाळ्यांची जुडी. आमच्या भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडीसुद्धा इतकी स्वस्त नसते. असो.

आलेल्यांत रत्नं नसतात असं नाही. असतात, पण ती आमच्या हातून निसटतात. कशी, ते सांगते. त्या निवड समितीत आम्ही पाच जण होतो. घरी बसून लॅपटॉपवर पाहायचं, दहापैकी गुण द्यायचे, मग सरासरी काढायची. एक चित्रपट आठवतो. पहिली दहा-बारा मिनिटं एक म्हातारा नुसता छप्पर शाकारत होता. बोलणं नाही, संगीत नाही, पेंढ्याची खसखस तेवढी. मी नऊ गुण दिले, एकाने आठ. उरलेल्या तिघांनी दोन, दोन आणि तीन. सरासरी ४.८. त्याच रात्री दुसरा एक पाहिला, नीटनेटका, कुणाला खुपणार नाही असा. पाचही जणांचे सहा-सहा. तो आत आला, म्हातारा बाहेर राहिला. दुसऱ्या दिवशी त्या आत आलेल्या चित्रपटाची गोष्ट आमच्यापैकी एकालाही धड सांगता येईना!

मी बैठकीत म्हटलं, सरासरी सोडा. ज्याला कुणीही एकाने नऊ दिले तो आत घ्या, मग बाकीच्यांनी काहीही दिलेलं असो. निदान एका माणसाला तरी तो मनापासून दाखवावासा वाटतोय. यावर चहा आला आणि विषय बदलला.

अर्थात संयोजकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. चार दिवसांचे सोळा खेळ म्हणायला. त्यातले दोन दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि समारोप यांत जातात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला चित्रपट दाखवायचा, तर दिल्लीहून माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट आणावी लागते. म्हणजे यादी कितीतरी आधी पक्की हवी. चित्रपटाचा संगणकीय संच येतो तो कुलूपबंद. त्याची डिजिटल किल्ली ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक तासांपुरतीच चालते. एका दुपारी ती किल्ली चालेना, आणि दीडशे माणसं समोरच्या गाडीवर शेव-उसळ खाऊन तरीच्या ढेकरा देत परत आली, तरी पडदा पांढराच होता.

हे सगळं मान्य. पण आणणं म्हणजे काय, हे या देशाने फार पूर्वी पाहिलं आहे. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता इथेही गेला. त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्ज' होता, जपानचा 'राशोमोन' होता. सायकलचोराची ती गोष्ट बिमल रॉय यांनी पाहिली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. केरळचं पाहा. त्यांचा महोत्सव १९९६ पासूनचा. स्पर्धा ठेवली ती आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका यांच्यापुरतीच. युरोप-अमेरिकेला स्पर्धेचं दार बंद! हा यजमान कोण आहे, ते लगेच समजतं.

मग बडोद्याचा यजमान कोण? मला विचाराल तर यादी तयार आहे. दादासाहेब फाळके याच गावात, सयाजीरावांच्या कलाभवनात शिकले. राजमहाल रोडने जाताना कलाभवनाची इमारत आपल्याला रोज दिसते. त्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' आणावा. त्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे, एवढीशी पोर. मूकपट आहे, तर सूरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयातल्या मुलांनी पडद्याच्या बाजूला बसून तबला, बासरी, सारंगी वाजवावी. १८८६ पासून या गावात सरकारी गायनशाळा आहे. एक तास वाजवायला माणसं मिळणार नाहीत? दुसरा 'मंथन', गावातल्या दूधमंडळीची गोष्ट. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ साली काढलेला. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. आणंद आपल्यापासून तासाभरावर. तिथल्या दूधमंडळीच्या बायकांना बस करून आणावं आणि पहिल्या रांगेत बसवावं.

"पण हे जुने आहेत," असं मला सांगण्यात आलं. 'भारतात प्रथमच' असा शिक्का मिळत नाही म्हणे. अहो, रावपुऱ्यातल्या माणसाने पाहिला नसेल, तर त्याच्यासाठी तो प्रथमच आहे ना!

मी समितीत होते त्या वर्षी अशी एकच आत्या मी गाडी पाठवून आणली. भांडून आणली म्हणा. अब्बास किआरोस्तामींचा १९८७ सालचा इराणी चित्रपट, मराठीत नाव सांगायचं तर 'मित्राचं घर कुठे आहे?' वेळ मिळाली रविवारी सकाळी दहाची, जेव्हा निम्मं बडोदं फाफड्याच्या रांगेत असतं. चाळीसेक माणसं आली असतील. गोष्ट एवढीच: एका मुलाच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. वही नसेल तर उद्या मास्तर मित्राला शाळेतून काढणार. म्हणून हा पोरगा वही परत करायला शेजारच्या गावी धावत सुटतो, घर शोधत.

उपशीर्षकं इंग्रजी. माझ्या मागच्या रांगेत एक सून आपल्या सासूला ती कानात गुजरातीतून सांगत होती. पहिली दहा मिनिटं मला राग आला, मागे वळून पाहिलंही. मग लक्षात आलं की सून हळूहळू गप्प होत चाललीय, आणि सासूच पुढचं सांगतेय. पोरगा टेकडीवरच्या नागमोडी वाटेने धावायला लागला की बा, म्हणजे त्या सासूबाई, म्हणायच्या, "जो, पाछो दोड्यो." अंधार पडला, खिडक्यांची दारं वाऱ्याने आपटायला लागली, पोरगा घर न सापडता परत आला, तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशीचा वर्ग. मास्तर वह्या तपासत येतात. मित्राची वही उघडतात. आत गृहपाठ पुरा लिहिलेला.

बांनी सुनेचा हात धरला. "घर तो मळ्युं नहीं," त्या मोठ्यानेच म्हणाल्या, "तो आ लख्युं कोणे?" घर तर सापडलं नाही, मग हे लिहिलं कुणी?

सुनेने काही सांगायच्या आतच त्या हसल्या.