हरणाऱ्यानेच छापलेला डाव

नमस्कार श्रोतेहो, आज बुद्धिबळाच्या ज्या डावाबद्दल बोलायचंय तो खरं तर कुठल्या स्पर्धेतलाही नाही. २१ जून १८५१, लंडन. ग्रेट एक्झिबिशन या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती, आणि फावल्या वेळात स्ट्रँड रस्त्यावरच्या सिम्प्सन्स या बुद्धिबळपटूंच्या अड्ड्यावर दोघं सहज पट मांडून बसले. एक ॲडॉल्फ अँडरसन, ब्रेस्लाऊचे गणिताचे शिक्षक, ती स्पर्धा शेवटी त्यांनीच जिंकली. दुसरे लिओनेल किझेरिट्झ्की, पॅरिसमध्ये बुद्धिबळ शिकवून पोट भरणारे.

पांढरी मोहरी अँडरसनकडे, काळी किझेरिट्झ्कींकडे. दुसऱ्याच चालीला अँडरसननी राजाच्या उंटापुढचं प्यादं मारायला देऊन टाकलं, डावाच्या या सुरुवातीलाच किंग्ज गॅम्बिट म्हणतात. प्यादं जातं पण पटाचा मधला भाग हाताला लागतो, आणि हो, आपला राजाही उघडा पडतो. किझेरिट्झ्कींनी प्यादं मारलं, लगेच वजिराने शह, अँडरसनचा राजा एक घर सरकला आणि कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणं, कायमचं गेलं. वर चौथ्या चालीला किझेरिट्झ्कींनी पण एक प्यादं पुढे केलं, घ्या म्हणून! म्हणजे धाडस एकट्या अँडरसनचं नव्हतं, हे मला आवर्जून सांगायचंय.

पुढे अँडरसननी एक उंट जाऊ दिला आणि प्यादी पुढे रेटत काळ्या वजिराला असं कोंडलं की त्याला वाट मोकळी करायला काळा घोडा परत मूळ घरी न्यावा लागला. चौदा चाली झाल्या तरी वजीर सोडून काळ्याचा एकही मोहरा बाहेर नाही! डावाचं सगळं मर्म मला इथेच दिसतं.

मग अठरावी चाल. अँडरसननी उंट पुढे घातला आणि दोन्ही हत्ती उघडे टाकले. एक हत्ती गेला, आणि त्यावर एकोणिसावी चाल काय, तर एक साधं प्यादं एक घर पुढे, शह नाही, काही मारणं नाही. पण त्या प्याद्याने काळ्या वजिराची परतीची तिरकी वाट बंद झाली. दुसरा हत्तीही गेला. मग घोड्याचा शह, मग वजीरच देऊन टाकला, काळ्या घोड्याला तो मारावाच लागला, त्यामुळे मातेच्या घरावरचा त्या घोड्याचा पहारा सुटला, आणि तेविसाव्या चालीला उंटाने मात. काळ्याची गेलेली फक्त तीन प्यादी, बाकी वजीर, हत्ती, उंट, घोडे सगळे शाबूत आणि तरी मात!

आणि हा डाव जगाला कळला कसा, तर किझेरिट्झ्कींनी स्वतः, हरूनसुद्धा, आपल्या ला रेजान्स नावाच्या मासिकात तो त्याच वर्षी छापला म्हणून. मला ते वजिराच्या बलिदानाइतकंच मोठं वाटतं. १८५३ मध्ये ते वारले, आणि फाल्कबेअर या बुद्धिबळपटूंनी या डावाला ‘अमर डाव’ म्हटलं ते १८५५ मध्ये.

आज कॉम्प्युटर सांगतो की त्या अठराव्या चालीपेक्षा जोरदार चाली होत्या, आणि काळ्याने पहिला हत्ती मारायच्या ऐवजी आधी कोपऱ्यातला हत्ती शह देऊन घेतला असता तर डाव बराच लांबला असता. तर घरी पट असेल तर मांडा, अठराव्या चालीला थांबा, काळ्याच्या बाजूने बसा आणि वाचायची वाट शोधून बघा.